नोकरी सांभाळून इंग्लंडचा कायदा: दूरशिक्षणाच्या पीजीडीएलबद्दल

पीजीडीएल म्हणजे दुसऱ्या विषयाची पदवी असणाऱ्यांसाठीची कायद्याची पदव्युत्तर पदविका. तिच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आधी घेते. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर (अशिलाला सल्ला देणारा, दाव्याची तयारी करणारा वकील) व्हायला ही पदविका करावीच लागते का? नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून तिथे एसक्यूई नावाची परीक्षा आली. कुठल्याही विषयाची पदवी असली की कायद्याची पदविका न करता तिला थेट बसता येतं. हे माहीत असूनही मी दोन वर्षं, नोकरी करत, घरून ही पदविका केली. आज पुन्हा ठरवायचं झालं तरी हेच ठरवेन. मात्र ती काय देते आणि काय देत नाही, हे माहितीपत्रक वाचून कळत नाही, म्हणून एवढं लिहायला घेतलं. संस्थेचं नाव लिहीत नाही. असे अभ्यासक्रम तिथे बऱ्याच संस्था चालवतात आणि मला जे सांगायचंय ते या शिकण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

मी मूळची सिव्हिल इंजिनिअर. सांगलीत शिकले, पुण्यात साइटवर बिलिंग केलं आणि आता बर्मिंगहॅममध्ये एका ठेकेदार कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर आहे. म्हणजे रोजचं काम मोजमापं, वाढीव कामांचे दर, मुदतवाढीचे अर्ज आणि उशिराबद्दल कापल्या जाणाऱ्या पैशांचे वाद. इंग्लंडमध्ये बांधकामाच्या करारातला वाद १९९६ च्या कायद्याने अॅडज्युडिकेशनकडे नेता येतो, म्हणजे न्यायालयाऐवजी एका त्रयस्थ निर्णयकर्त्याकडे, आणि तिथे निर्णय साधारण २८ दिवसांत लागतो. त्या दिवसांत कागद मी जमवायचे, तक्ते मी करायचे, आणि त्यांचा अर्थ सॉलिसिटर सांगायचे. तो अर्थ मला स्वतःला लावता यावा, ही माझी इच्छा होती.

अभ्यासक्रमाची मांडणी सरळ आहे. सुरुवातीला इंग्लंडची न्यायव्यवस्था आणि निकाल कसा वाचायचा, यावर छोटा भाग. मग करार, टॉर्ट (करार नसतानाही दुसऱ्याचं नुकसान केल्याबद्दलची जबाबदारी) आणि राज्यघटनेचा व प्रशासनाचा कायदा. दुसऱ्या वर्षी जमीन, ट्रस्ट आणि फौजदारी. जोडीला युरोपीय कायदा. व्याख्यानं आधीच ध्वनिमुद्रित केलेली, पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत. ट्रेनमध्ये एक ऐकून होतं, जेवणाच्या सुट्टीत दुसरं. दर पंधरवड्याला संध्याकाळी ऑनलाइन वर्ग. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे वेस्टलॉ आणि लेक्सिस या निकालांच्या दोन्ही ऑनलाइन संग्रहांचा प्रवेश. एकट्या माणसाला तो विकत घेणं परवडत नाही. पदविकेच्या काळात मला मूळ निकाल वाचायची जी सवय लागली ती त्यामुळेच. एसक्यूईची तयारीची पुस्तकं नियम देतात. तो नियम कुठल्या भांडणातून आला, हे त्यांत दोन ओळींत उरकलेलं असतं.

एकच उदाहरण देते. पुण्यात असताना मी कितीतरी ठेक्यांत एलडीचं कलम पाहिलं होतं: काम लांबलं तर दर आठवड्याला इतकी रक्कम कापणार. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ आहे. करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, आणि न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई देतं. इंग्लंडमध्ये विचार वेगळ्या टोकापासून सुरू होतो. ही रक्कम दंड आहे का, एवढाच प्रश्न. दंड ठरला तर कलमच लागू होत नाही. नाही ठरला तर पूर्ण रक्कम द्यायची. १९१५ पासून कसोटी साधारण अशी होती की ती रक्कम नुकसानीचा प्रामाणिक अंदाज आहे का. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती बदलली, आणि त्यातला एक खटला होता गाडी लावण्याचा. चेम्सफर्डच्या एका दुकानसंकुलात दोन तास मोफत पार्किंग, त्यापुढे थांबलात तर ८५ पौंड. बीव्हिस नावाचा माणूस ५६ मिनिटं जास्त थांबला आणि पैसे द्यायला नकार देत थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो हरला. जागा फिरती राहावी यात कंपनीचा न्याय्य हितसंबंध आहे आणि ८५ पौंड त्याच्या मानाने अवाच्या सवा नाहीत, असं बहुमत पडलं. वर्गात शिक्षिकेने विचारलं, हाच तर्क पुलाच्या ठेक्यातल्या एलडीला लावून दाखवा. त्या संध्याकाळी माझ्या आधीच्या दहा-बारा वर्षांच्या कामाला पहिल्यांदा कायद्याची चौकट मिळाली.

टॉर्टमध्ये मर्फी विरुद्ध ब्रेंटवुड आला तेव्हा मात्र मी मनातून चिडले. घराचा काँक्रीटचा राफ्ट पाया सदोष, नकाशे नगरपालिकेने मंजूर केलेले, भिंतींना तडे, आणि मालकाला घर ३५,००० पौंड कमी किमतीत विकावं लागलं. १९९० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) सांगितलं की कुणाला इजा झालेली नाही, दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान नाही, तेव्हा हा निव्वळ आर्थिक तोटा आहे आणि त्यासाठी नगरपालिकेवर निष्काळजीपणाचा दावा चालणार नाही. पाया भरताना उभी राहिलेली बाई म्हणून मला हा निकाल आजही पटत नाही. पण तो का असा लागला, हे मी आता विरुद्ध बाजूनेही मांडू शकते. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत असं दोन्ही बाजूंनी उभं राहायला कुणी लावलं नव्हतं.

जमिनीच्या विषयात मराठी माणसाला एक वेगळीच ओढ लागते. आपण सातबारा हातात घेऊन वाढलेले. सातबारा हा महसुलाचा उतारा. त्यावर नाव आहे एवढ्याने मालकी सिद्ध होत नाही, खरेदीखतं मागे मागे चाळावी लागतात. इंग्लंडमध्ये नोंदणी झालेल्या जमिनीची मालकी नोंदवहीतूनच येते आणि तिच्यामागे सरकारची हमी असते. २००२ चा नोंदणी कायदा वाचताना माझ्या डोळ्यांसमोर सारखं गावाकडचं तलाठी कार्यालय येत होतं. ट्रस्ट मात्र कठीण गेला. एकाच घराची कायद्याने मालकी एकाची आणि इक्विटीने (न्यायबुद्धीवर उभ्या राहिलेल्या वेगळ्या नियमांनी) दुसऱ्याची, हे दोन थर आपला कायदा मानत नाही, त्यामुळे आधाराला काहीच नसतं. त्या विषयाला दुप्पट वेळ ठेवा.

आता उणी बाजू. दूरशिक्षणात वाचणं उत्तम होतं, बोलणं होत नाही. ऑनलाइन वर्गात बहुतेकांचे कॅमेरे बंद, माइक बंद. शिक्षक प्रश्न विचारतात आणि चॅटमध्ये दोन-तीन उत्तरं उमटतात. वकिली हा बोलून करायचा व्यवसाय आहे, आणि समोरच्याने "ते जमत नाही, कारण" असं म्हटल्यावर काय करायचं हे ध्वनिमुद्रित व्याख्यान शिकवू शकत नाही. आमच्या सरावाच्या उत्तरपत्रिका परीक्षेच्या तोंडावर परत आल्या आणि त्यांवरचे शेरे सगळ्यांना जवळजवळ सारखेच होते. एवढी फी घेणाऱ्या संस्थेकडून ही अपेक्षा नाही. प्रवेशाच्या आधी लेखी विचारा: तपासलेली उत्तरपत्रिका किती दिवसांत मिळते, आणि शिक्षकाशी एकट्याने बोलायची वेळ मिळते का.

यावर आम्ही स्वतः तोड काढली. तुकडीतली एक नर्स, एक शाळामास्तर आणि मी, दर रविवारी सकाळी व्हिडिओवर भेटायचो. एकाने निकाल मांडायचा, दुसऱ्याने विरोध करायचा, तिसऱ्याने न्यायाधीश व्हायचं. नर्स रुग्णाच्या संमतीच्या खटल्यांत आम्हा दोघांना सहज गप्प करायची. ती रोजच्या ड्युटीत ते प्रश्न हाताळत होती. मला वाटतं, दुसरी पदवी घेऊन येणाऱ्यांच्या वर्गाचं खरं सामर्थ्य हेच आहे आणि संस्था त्याचा उपयोगच करून घेत नाही.

पदविका हातात आली की खरा दरवाजा समोर येतो, आणि जाहिराती याबद्दल फार हळू आवाजात बोलतात. एसक्यूई १ मध्ये दोन पेपर, प्रत्येकी १८० प्रश्न, पाच पर्यायांतून सर्वांत योग्य एक निवडायचा, पुस्तक उघडायची मुभा नाही. आमच्या पदविकेच्या परीक्षा पुस्तकं जवळ ठेवून लिहायच्या होत्या, त्यामुळे ही निराळीच कसरत आहे. शिवाय मालमत्ता व्यवहार, मृत्युपत्र, सॉलिसिटरचे हिशेब, दावा चालवण्याची पद्धत हे पदविकेत नसलेलं बरंच काही त्यात येतं. एसक्यूई २ मध्ये १६ चाचण्या, १२ लेखी आणि ४ तोंडी. दोन्हींची मिळून फी २०२१ मध्ये ३,९८० पौंड होती आणि तेव्हापासून वाढत गेली आहे. हा खर्च पदविकेच्या फीव्यतिरिक्त धरा.

त्याशिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, पण इथे नवी पद्धत आपल्यासारख्यांना खरोखर मदत करते. हा अनुभव जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून झाला तरी चालतो, तो वकिलांच्याच फर्ममध्ये हवा असं नाही, परदेशातलाही चालतो. काम कायद्याचं असावं आणि इंग्लंडच्या सॉलिसिटरने त्याची खातरी द्यावी, एवढी अट. मी आमच्याच कंपनीच्या विधी विभागात बदली मागून घेतली. अॅडज्युडिकेशनची निवेदनं आता मी लिहिते आणि विभागातल्या सॉलिसिटर बाई त्यावर लाल शाई चालवतात. पदविकेच्या दोन वर्षांत जे बोलणं राहिलं होतं ते इथे भरून निघतंय.

बॅरिस्टर, म्हणजे मुख्यतः न्यायालयात उभं राहून युक्तिवाद करणारा वकील, व्हायचं असेल तर गोष्ट बदलते. तिथे कायद्याची पदवी नसणाऱ्याला ही पदविका आजही लागते, मग बार कोर्स, मग प्युपिलेज (अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी). एखाद्या इनचं, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थेचं, सदस्यत्वही घ्यावं लागतं. अर्थशास्त्र शिकून आलेले बाबासाहेब ग्रेज इनमधून १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले, तेव्हा दुसऱ्या विषयातून कायद्यात येण्याची ही वाट मराठी माणसाला अनोळखी नाही.

पुण्यामुंबईहून विचारणाऱ्यांसाठी काही गोष्टी स्पष्ट सांगते. हा अभ्यासक्रम भारतात बसून करता येतो, पण त्याच्या आधारे ब्रिटनचा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. आणि याने भारतात सनद मिळत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडिया दूरशिक्षणाने केलेली कायद्याची पदवी सनदीसाठी ग्राह्य धरत नाही; भारतात वकिली करायची असेल तर सीईटी देऊन, वर्गात हजेरी लावून तीन वर्षांची एलएलबी हाच मार्ग. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी पैशाचं गणित नीट तपासावं. सरकारी पदव्युत्तर कर्ज पूर्ण मास्टर्सला मिळतं, नुसत्या पदविकेला नाही. म्हणून बऱ्याच संस्था हाच अभ्यास थोडा वाढवून एमए म्हणून विकतात. आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी) नसेल तर सहसा तेही कर्ज मिळत नाही, तेव्हा वाढीव फी भरण्याआधी थांबा.

मी कुणाला हा अभ्यासक्रम सुचवेन? ज्याच्या कामात आधीपासून कायदा येऊन भिडतो त्याला: बांधकामवाले, नर्स, हिशेबनीस, विमा कंपनीत दावे पाहणारे. नुसती नोकरी बदलायची म्हणून येणाऱ्याने थेट एसक्यूईची तयारी केलेली बरी, स्वस्त पडेल. आणि अजून ठरत नसेल तर पैसे भरण्याआधी एक शनिवार द्या. बीव्हिसचा निकाल सुप्रीम कोर्टाच्या संकेतस्थळावर आणि बेली (BAILII) या निकालांच्या ऑनलाइन संग्रहावर फुकट आहे. लांब आहे, पण पूर्ण वाचा. त्यात लॉर्ड टोल्सन एकटेच बीव्हिसच्या बाजूने उभे राहिले आहेत. त्यांचं मत वाचून झाल्यावर बहुमताला काय उत्तर द्यावं हे तुमच्या डोक्यात फिरू लागलं, तर पुढच्या तुकडीसाठी अर्ज भरा.