पिंग आय-टू आयर्न: खेळायला उत्तम, पण संच कोणत्या वर्षाचा?

अमेरिकेत जुन्या गोल्फ साहित्याच्या बाजारात आजही सहज मिळणारा आणि तरीही घेताना थोडी चौकशी करायला लावणारा आयर्नचा (धातूच्या सपाट डोक्याच्या गोल्फ क्लबांचा, म्हणजे काठ्यांचा) संच म्हणजे पिंग कंपनीचा आय-टू. पिंगचे संस्थापक कार्स्टन सोल्हाइम यांनी १९८२ मध्ये आणलेल्या या आयर्नच्या खेळातील गुणांबद्दल फारसे दुमत नाही. मागची बाजू पोकळ ठेवून वजन कडांकडे नेलेले असल्यामुळे चेंडू फेसच्या (क्लबच्या चेंडूला भिडणाऱ्या पृष्ठभागाच्या) मध्यावर लागला नाही तरी फटका अगदीच फसत नाही. संचातील सँड वेज (वाळूतून चेंडू उचलण्यासाठीचा क्लब) तर मला आजच्या कित्येक महागड्या वेजपेक्षा सरस वाटते, कारण तिचा तळ रुंद असून टाचेकडचा भाग कापलेला आहे आणि त्यामुळे बंकरमध्ये (मैदानावरील वाळूच्या खड्ड्यात) फेस उघडा, म्हणजे वरच्या बाजूला वळवलेला, ठेवूनही ती वाळूवर नीट बसते. दिसायला मात्र हा क्लब ओबडधोबड आहे आणि त्याचा बचाव करण्यासारखे काही नाही.

खरा प्रश्न आहे तो फेसवरील खाचांचा. नियमांनी यू-आकाराच्या खाचांना परवानगी दिल्यानंतर पिंगने त्या स्वीकारल्या. पण त्यांच्या धारदार कडांनी चेंडूचे आवरण सोलले जाऊ लागले, म्हणून सोल्हाइम यांनी कडा किंचित गोल केल्या. दोन खाचांमधील अंतर खाचेच्या रुंदीच्या किमान तिप्पट असावे, असा तेव्हाचा दंडक होता. रुंदी मोजताना गोल केलेली कड धरायची की सोडायची, एवढ्यावरच सगळे अडले. अमेरिकी गोल्फ संघटनेच्या, म्हणजे यूएसजीएच्या, मोजणीनुसार अंतर कमी भरले आणि १९८७ मध्ये क्लब नियमबाह्य ठरले. सोल्हाइम यांनी १९८९ मध्ये १० कोटी डॉलरचा दावा लावला आणि पुढच्याच वर्षी तडजोड झाली: १ एप्रिल १९९० पूर्वी बनलेले आय-टू वैध राहतील, त्यानंतरचे मात्र संघटनेच्या मोजमापात बसणारे असतील. पीजीए टूरशी (अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फ स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेशी) चाललेला वेगळा खटला १९९३ मध्ये मिटला.

या तडजोडींचे विचित्र फळ २०१० मध्ये दिसले. त्या वर्षी २५ अंश किंवा अधिक लॉफ्टच्या (फेसच्या तिरकेपणाच्या) क्लबांसाठी खाचांचा आकार आणि कडांची धार यांवर नवी बंधने आली. पण जुन्या आय-टूला संरक्षण होते. व्यावसायिक गोल्फपटू फिल मिकेलसन यांनी टॉरी पाइन्स येथील स्पर्धेत तशी वेज वापरली, तेव्हा दुसरे खेळाडू स्कॉट मॅकॅरन यांनी त्याला फसवणूक म्हटले आणि नंतर दिलगिरी व्यक्त केली. मिकेलसन यांनी एकही नियम मोडला नव्हता, हे येथे स्पष्ट म्हणायला हवे. पुढे पिंगने तडजोडीतून मिळालेला आपला हक्क सोडला आणि २९ मार्च २०१० पासून टूरवर हे क्लब बंद झाले.

हौशी खेळाडूने यातून घाबरून जाण्याचे कारण नाही. अमेरिकेतील साध्या क्लब-स्पर्धेत १९९० पूर्वीचा संच चालतो. मात्र २०१० च्या खाचांचे निकष लावणारा स्थानिक नियम जेथे लागू असेल, तेथे स्पर्धेच्या समितीला आधी विचारलेले बरे, कारण नियमबाह्य क्लबने एक फटका मारला तरी खेळाडू अपात्र ठरतो. फायद्याचेही अवास्तव कौतुक नको: या खाचा रफमध्ये (उंच गवताच्या भागात) गवत आणि ओलावा यांना वाट करून देतात म्हणून तेथे चेंडूला फिरकी मिळते; कोरड्या फेअरवेवर (छाटलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर) फरक फारसा जाणवत नाही.

विकत घेताना नावाशेजारी अधिकचे चिन्ह आहे का ते पाहावे. असल्यास तो तडजोडीनंतरचा क्लब समजावा. चिन्ह नाही म्हणजे संच जुनाच, असे मात्र गृहीत धरू नये. अनुक्रमांक कंपनीला कळवून खात्री करावी. वापराने झिजलेल्या खाचांमुळे क्लब अवैध होत नाही, परंतु कोणी हत्याराने त्या पुन्हा कोरल्या असतील तर १९९० पूर्वीची तारीखही उपयोगी पडणार नाही. बेरिलियम-तांब्याच्या आवृत्तीवर तर कानस चालवूच नये, कारण तिची धूळ फुप्फुसांना घातक असते. मी स्वतः पोलादी संच घेईन आणि खाचांना हात न लागलेला, अनुक्रमांक स्पष्ट वाचता येणारा मिळेपर्यंत थांबेन.