अ‍ॅस्टरिस्क आणि जी.७२९: एक द्राक्ष हंगाम वापरल्यानंतर

सातपूरचं ऑफिस आणि पिंपळगाव बसवंतचं द्राक्ष पॅकहाउस यांच्यातले अंतर्गत फोन आम्ही अख्खा हंगाम टेलिफोन एक्स्चेंजचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे अ‍ॅस्टरिस्कवर चालवले. सॉफ्टवेअर दणकट आहे, मनापासून शिफारस करतो. फक्त कोडेकच्या (आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतीच्या) परवान्याचा विषय आधी समजून घ्या.

पॅकहाउसची इंटरनेट लाइन कमजोर. आयपी हेडर (प्रत्येक पॅकेटवरचा पत्त्याचा भाग) धरून जी.७११ हा कोडेक एका दिशेला ८० केबीपीएस खातो, जी.७२९ फक्त २४. म्हणून तिथे जी.७२९ लावायचं ठरलं. शेठनी लगेच विचारलं, "अहो, सॉफ्टवेअर फुकट आहे ना? मग लायसन्स कसलं?"

प्रश्न रास्त होता. अ‍ॅस्टरिस्क जीपीएल २ या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली मोफत मिळतं, पण जी.७२९ वर बऱ्याच जणांची पेटंट होती. ते बनवणारी डिजियम कंपनी जी.७२९ चं मॉड्यूल (सॉफ्टवेअरचा जोडभाग) वेगळं विकायची, मूळ कोड न देता, एकाच वेळी चालणाऱ्या प्रत्येक कॉल-चॅनेलला १० डॉलर घेऊन. २०१७ च्या सुरुवातीला मुख्य पेटंटची मुदत संपली आणि तो खर्च टळला.

पण पेटंट संपलं म्हणून कोडवरचा कॉपीराइट संपत नाही. जी.७२९ साठीची बीसीजी७२९ ही मुक्त लायब्ररी आता जीपीएल ३ खाली आहे, अ‍ॅस्टरिस्क जीपीएल २ वर. स्वतःच्या सर्व्हरवर दोन्ही जोडून वापरायला अडचण नाही. तोच सर्व्हर तयार करून गिऱ्हाइकाला विकायचा असेल, तर हे दोन परवाने एकत्र बसत नाहीत. नाशकात पीबीएक्स (ऑफिसचं फोन एक्स्चेंज) बसवून देणाऱ्यांनी हे जरूर तपासावं.

आम्ही शक्य तिथे ट्रान्सकोडिंगच (आवाज एका कोडेकमधून दुसऱ्यात बदलणं) टाळलं. दोन्ही टोकांचे फोन जी.७२९ बोलत असले की अ‍ॅस्टरिस्क आवाज न उलगडता पुढे ढकलतो, मॉड्यूल लागतच नाही. आयव्हीआरची (फोन केल्यावर ऐकू येणारी रेकॉर्ड केलेली) वाक्यंही जी.७२९ फाइलमध्येच ठेवली. कॉल रेकॉर्डिंग सुरू केलं की मात्र मॉड्यूल लागतंच.

बोलणं स्वच्छ येतं. होल्डवरचं संगीत मात्र ऐकवत नाही: बासरी पाण्याखालून वाजल्यासारखी! हा कोडेक माणसाच्या बोलण्यासाठीच बनलाय, त्यामुळे तिथे आता साधी सूचना लावली आहे.

नवीन बसवणार असाल तर आधी ओपस हा कोडेक बघा. २०१२ पासून खुलं मानक, रॉयल्टी नाही, आणि कमी बँडविड्थमध्येही आवाज जी.७२९ पेक्षा भरदार. आमचे पॅकहाउसमधले जुने डेस्क फोन ओपस बोलत नाहीत, एवढ्याच कारणाने जी.७२९ ठेवलाय. सातपूरला नवीन फोन घेताना मी ओपस असलेलेच मागवले.