मॅकलरेन एमपी४-१८ चा सिम मॉड: काही महिने चालवल्यानंतर, आणि परवाच्या अपडेटनंतर

सरळ मुद्द्यावर येतो. ही गाडी म्हणजे कॉम्प्युटरवरच्या रेसिंग सिम्युलेटरमध्ये वेगळी टाकायची गाडी (मॉड), आणि परवाच्या अपडेटमध्ये मॉडच्या मेकरने तिचं इंजिन तापणंच काढून टाकलंय. पूर्ण. टेम्परेचरचा काटा आता कुठल्याही हवामानात, कुणाच्याही मागे, कितीही लॅप मारा, जागचा हलत नाही. फुकटच्या ढीगभर एफ१ (फॉर्म्युला वन) गाड्या पडलेल्या असताना मी ही पैसे मोजून घेतली, ती तापते म्हणूनच.

२००३ चा सीझन पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. मॅकलरेनचा डिझायनर एड्रियन न्यूईने खऱ्या गाडीची मागची बॉडी इतकी आवळून बांधली होती की मर्सिडीजच्या व्ही१० (दहा सिलिंडरच्या) इंजिनची उष्णता बाहेर पडायला वावच नव्हता. मे महिन्यात टेस्टिंग सुरू झालं, गाडी तापत राहिली, वर एफआयएच्या (मोटर रेसिंगची जागतिक संघटना) क्रॅश टेस्टमध्ये अडकली, टेस्टिंगमध्येच मॅकलरेनचे ड्रायव्हर किमी रायकोनेन बार्सिलोनाला आणि अलेक्झांडर वुर्ट्झ हेरेसला आपटला, आणि शेवटी एकही रेस न खेळता विषय संपला. अख्खा सीझन जुन्या एमपी४-१७डी गाडीवर काढला आणि किमीचं टायटल फक्त २ पॉइंटनी गेलं, ९१ विरुद्ध ९३. तेही न्युर्बुर्गरिंगला लीडवर असताना त्या जुन्या गाडीचं इंजिन गेलं म्हणून, हे मला आजही लागतं.

आता मॉडबद्दल. आवाज उत्तम, व्ही१० वर चढत जातो तेव्हा हेडफोन काढवत नाही. स्टिअरिंगवरचे आकडे धूसर आहेत, चालतंय. हँडलिंगला मात्र सुरुवातीला मी दोनच स्टार दिले असते, ब्रेक मारला की मागचा भाग सुटायचा, नागमोडी ट्रॅकवर तर एक लॅप सलग धड होत नव्हता. पण ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणी) पुढे सरकवला, मागची विंग जराशी वाढवली आणि ट्रॅक्शन कंट्रोल (मागची चाकं घसरू न देणारी यंत्रणा, २००३ ला चालायची, त्यामुळे लाजायचं कारण नाही) मधल्या नंबरवर ठेवलं, तेव्हापासून गाडी इतकी गोड वळते की ते दोन स्टार मी कधीच चार केले.

पण खरी मजा तापण्यातच होती. पुढच्या गाडीच्या मागे चिकटून बसलं की काटा चढायला लागायचा, मग स्ट्रेटवर लाइन सोडून बाजूच्या मोकळ्या हवेत यायचं, थोडा लवकर थ्रॉटल सोडायचा, काटा उतरला की परत हल्ला. रेडिएटरच्या सेटिंगमध्ये जास्त हवा घेतली तर टॉप स्पीड जायचा आणि स्ट्रेटवर बाकीचे निघून जायचे, कमी घेतली तर रेसच्या मध्यातच धूर. प्रत्येक ट्रॅकला नवीन हिशोब. या गाडीचा रेसमधला एकही लॅप रेकॉर्डवर नाही, त्यामुळे मेकरला बरंच अंदाजानेच बनवावं लागलं असणार हे मला मान्य आहे, पण तापण्याबद्दल अंदाज लावायची गरजच नव्हती, ती गोष्ट जगजाहीर आहे! ती काढली की उरतं काय? सिल्व्हर रंगाची एक छान वेगवान गाडी. तशा भरपूर आहेत.

मेकरला मेल केला. उत्तर आलं की बहुतेक लोकांची तक्रार होती, रेस पूर्ण होत नाही. अहो, खऱ्या गाडीची तर सुरूसुद्धा झाली नाही. मी म्हटलं ऑप्शन द्या, ज्याला नको तो बंद करेल. नाही म्हणाले. रिफंड मागितला तर मुदत संपली म्हणाले. जुनं व्हर्जन डाउनलोडला ठेवलेलं नाही. एका गाडीसाठी पैसे घ्यायचे आणि नंतर घरात येऊन तिच्यातली मुख्य गोष्ट काढून न्यायची, हे मला अजिबात पटलेलं नाही.

अपडेट: तिसऱ्या मेलनंतर त्यांनी जुनी इंजिन फाइल पाठवली. टाकून बघितली, काटा पुन्हा चढतोय, काल रात्री बराच वेळ एकटाच चालवत बसलो. पण ऑनलाइन सर्व्हर ही फाइल जुळत नाही म्हणून आत घेत नाही, म्हणजे दुसऱ्याच्या मागे बसून तापायची सोय गेलीच. त्यामुळे रेटिंग तीन स्टार, ऑप्शन आला की लगेच पाच करेन. ज्यांच्याकडे अजून जुनं व्हर्जन आहे त्यांनी ऑटो अपडेट आजच बंद करा आणि अख्ख्या फोल्डरची कॉपी काढून ठेवा.