प्रांतांच्या नावांचा माग काढायचाय? शिकागोच्या डिजिटल ग्रंथालयाचं परीक्षण

खानदेश, वऱ्हाड, दख्खन ही नावं कशी पडली, असं नेटवर शोधलं की आधी दंतकथा हाती लागतात. त्यांत हात घालण्याआधी शिकागो विद्यापीठाचं ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’ हे संकेतस्थळ पाहावं. पैसे नाहीत, नोंदणी नाही. दिसायला जुनाट आहे आणि ते कसं वापरायचं हे कोणी सांगत नाही, त्यामुळे बरेचजण पाच मिनिटांत कंटाळून बाहेर पडतात.

नावांसाठी इथली मुख्य वस्तू म्हणजे ‘इंपीरियल गॅझेटियर’ या ब्रिटिशकालीन सरकारी स्थलकोशाची २६ खंडांची आवृत्ती. पहिले चार खंड अख्ख्या देशाबद्दल आहेत, पाच ते चोवीस वर्णानुक्रमे गावं-प्रांत, पंचविसावा सूची आणि सव्विसावा नकाशे. क्रम इंग्रजी अक्षरांचा आणि स्पेलिंग साहेबाचं, पहिली ठेच इथेच लागते. वऱ्हाड ‘बेरार’ म्हणून सातव्या खंडात सापडतं, मुंबई ‘बॉम्बे’ म्हणून आठव्यात, दख्खन अकराव्यात, खानदेश आणि कोकण दोन्ही पंधराव्यात, पुणे ‘पूना’ म्हणून विसाव्यात. ठाण्यासाठी तेविसावा उघडावा लागतो. खंड माहीत नसेल तर शोधखिडकीशी झटापट करण्यापेक्षा सरळ पंचविसाव्या खंडातली सूची पाहावी, वेळ वाचतो. पानं चित्ररूपात आहेत, त्यामुळे मजकूर उचलता येत नाही. हवं ते हाताने उतरवून घ्यायचं आणि खंड-पान क्रमांक सोबत लिहून ठेवायचा. मोबाइलवर वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा.

व्युत्पत्तीच्या बाबतीत हे गॅझेटियर कुठे विश्वासार्ह आहे? जिथे ते हात वर करतं तिथे. वऱ्हाडाच्या नावाचं मूळ माहीत नाही, कदाचित विदर्भाचा अपभ्रंश असेल, अशा बेताने ते बोलतं. हा संयम नेटवरच्या लेखांत औषधालाही नसतो. उलट दख्खन म्हणजे ‘दक्षिण’ किंवा पंजाब म्हणजे फारसी ‘पंज’ आणि ‘आब’, म्हणजे पाच नद्यांचा मुलूख, हे निर्विवाद आहे. त्यासाठी इतकी यातायात करायची गरज नाही.

खानदेश मात्र एका नोंदीवर भागत नाही. गुजरातच्या अहमदशहाने इथला सुलतान नासिर फारुकी याला ‘खान’ किताब दिला आणि त्यावरून मुलखाला नाव पडलं, ही प्रचलित उपपत्ती आहे. ‘कान्हदेश’ म्हणजे कृष्णाचा देश, ही उपपत्तीही तितक्याच हिरिरीने सांगितली जाते. त्याआधी यादवांच्या लेखांत या बाजूचा बराच भाग ‘सेउणदेश’ म्हणून येतो. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर राजपुत्र दानियालच्या नावाने ‘दानदेश’ असं नाव केलं, पण ते टिकलं नाही. तेव्हा गॅझेटियरमधून सीमा आणि कालक्रम घ्यावा, आणि मूळ कोणतं याचा निकाल शिलालेख-ताम्रपटांवर सोडावा. ‘महाराष्ट्र’ या नावासाठीही तेच: ऐहोळेच्या इ. स. ६३४ च्या शिलालेखात तीन ‘महाराष्ट्रकं’ (महाराष्ट्राचे तीन भाग) आणि त्यांतली ९९,००० गावं येतात. इतका जुना आणि तारीखवार पुरावा इंग्रजी अमदानीच्या कुठल्याही सारांशापेक्षा वजनदार.

याच संकेतस्थळावरचे शब्दकोश ही दुसरी जमेची बाजू, आणि आमच्या मते जास्त मोलाची. मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश देवनागरीत शोधता येतो. फसगत होते ती अनुस्वारावर. कोश जुन्या लेखनाचा आहे, म्हणून ‘गाव’ नव्हे ‘गांव’, ‘नाव’ नव्हे ‘नांव’, ‘कोकण’ नव्हे ‘कोंकण’ टाकायचं; ‘तळे’ हवं असेल तर ‘तळें’. पहिल्या खेपेस काही आलं नाही तर शब्द कोशात नाही असं समजू नये, अनुस्वार देऊन पुन्हा पाहावं. ‘देश’, ‘मावळ’, ‘कोंकण’ या तीन नोंदी एकापाठोपाठ वाचल्या की घाटाच्या वर-खाली राहणाऱ्यांनी आपल्या भूभागाला कसं वाटून घेतलं होतं ते कळतं. ‘इंडिया’ या नावासाठी टर्नरचा इंडो-आर्य भाषांचा तौलनिक कोश उघडून ‘सिन्धु’ पाहावा. पुढचा प्रवास ठाऊक असलेला: इराणी भाषांत ‘स’चा ‘ह’ होऊन ‘हिंदु’ (सप्तसिंधूचं अवेस्ता या पारशी धर्मग्रंथात ‘हप्त हिंदु’), ग्रीकांनी ‘ह’ गाळला म्हणून ‘इंडोस’, आणि त्यावरून ‘इंडिया’.

नकाशांचा खंड १९०९ आणि १९३१ अशा दोन रूपांत आहे. दोन्ही शेजारी उघडावेत. पहिल्यात ‘पूर्व बंगाल व आसाम’ हा वेगळा प्रांत दिसतो, दुसऱ्यात तो गायब होऊन ‘बिहार व ओरिसा’ अवतरतो. १९०९ च्या खंडातला भाषांचा नकाशा मराठी वाचकाने चुकवू नये.

उणीव एकच, पण मोठी: गॅझेटियरमध्ये स्वातंत्र्यानंतरचं काही नाही. संयुक्त प्रांताचा उत्तर प्रदेश २४ जानेवारी १९५० ला झाला (यू.पी. हे लघुरूप तसंच ठेवण्याची सोय झाली, ती वेगळी), मद्रासचं तमिळनाडू १९६९ मध्ये, म्हैसूरचं कर्नाटक १९७३ मध्ये, उत्तरांचलचं उत्तराखंड २००७ मध्ये, ओरिसाचं ओडिशा २०११ मध्ये. उत्तर प्रदेश वगळता (ते नाव राज्यघटना लागू होण्याआधीचं) बाकीच्यांसाठी संसदेचे कायदेच पाहावे लागतात, कारण राज्याचं नाव राज्यघटनेच्या कलम ३ नुसार संसदच बदलते. जिल्हा-तालुक्याच्या पातळीवर उतरायचं तर महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका (म्हणजे गॅझेटियर) विभागाचे खंड जास्त कामाचे. तेही ऑनलाइन मिळतात. आणि मोल्सवर्थमध्ये हुलकावणी देणारा शब्द असेल तर शिकागोच्याच संकेतस्थळावरचा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडावा. अनुस्वाराची युक्ती तिथेही लागेल.