जुनी मोटारसायकल, ई-20 पेट्रोल आणि तांदळाच्या दाण्याएवढे रबर : अकरा महिन्यांचा अनुभव

हा अनुभव लिहायला बसण्याचे कारण साठ रुपयांचा एक सुटा भाग आहे. डोळ्यांच्या त्रासामुळे बाबांनी मार्च 2025 मध्ये गाडी चालवणे सोडले आणि त्यांची 2007 सालची, शंभर सीसीची, कार्बोरेटरची (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भागाची) मोटारसायकल माझ्याकडे आली. सोबत त्यांची वहीही आली. गाडी घेतल्या दिवसापासून टाकीत पडलेल्या पेट्रोलची तारीख, लिटर आणि किलोमीटर अशी एकही नोंद तीत चुकलेली नाही. पुण्यातला वडगाव ते हडपसर हा माझा रोजचा रस्ता आहे आणि मी वहीची शिस्त मोडलेली नाही, त्यामुळे पुढचे आकडे अंदाजाचे नाहीत.

सगळ्यांना आधी ॲव्हरेज विचारायचे असते, म्हणून ते उरकून घेते. वहीप्रमाणे 2014 साली गाडी लिटरला 61 किलोमीटर देत होती. त्या काळी देशभरातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे (म्हणजे उसासारख्या पिकांपासून बनणाऱ्या अल्कोहोलचे) सरासरी प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. आज ते 20 टक्के आहे (म्हणूनच नाव ई-20) आणि गाडी 57 देते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि इथेनॉल एकूण इंधनाचा पाचवा भाग आहे, म्हणजे हिशेबाने पंधराव्या भागाची तूट येते. माझी तूटही जवळजवळ तेवढीच आहे, आणि त्यात इंजिनाच्या वयाचाही वाटा असणारच. नीती आयोगाच्या जून 2021 च्या आराखड्यात दुचाकींसाठी 3 ते 4 टक्के घट धरली होती. महिन्याला पाचशे किलोमीटर आणि लिटरला 104 रुपयांच्या आसपासचा भाव धरला तर मला सुमारे साठ रुपये जास्त पडतात. ते मला खटकतात, पण माझी खरी तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

तक्रार मे महिन्यात सुरू झाली. सकाळी पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास येऊ लागला आणि गाडीखालच्या फरशीवर रुपयाएवढा डाग दिसू लागला. ॲव्हरेज 52 वर आले. अधिकृत सेवा केंद्रात गाडी दोन दिवस ठेवली, तेव्हा ‘पेट्रोल भेसळीचे आहे आणि कार्बोरेटर पूर्ण बदलावा लागेल’ असे सांगून माझ्या हाती साडेतीन हजारांचे अंदाजपत्रक देण्यात आले. कार्बोरेटर उघडून पाहिला का, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. मी तपासणीचे पैसे भरले, पावतीवर ‘कार्बोरेटर उघडलेला नाही’ असे लिहून घेतले आणि गाडी ढकलत आमच्या गल्लीतल्या मेकॅनिककाकांकडे आणली. त्यांनी दहा मिनिटांत कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी काढली, तरंगणारा फ्लोट बाजूला केला आणि त्याखालची पिन माझ्या तळहातावर ठेवली. ‘ताई, सगळं दुखणं हिच्यात आहे,’ असे ते म्हणाले.

ही पिन, म्हणजे नीडल, पितळेची बारीक कांडी असते आणि तिच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढे काळे रबर बसवलेले असते. वाटीत पेट्रोल भरले की फ्लोट वर उचलला जातो आणि हे टोक पेट्रोल आत येण्याचे भोक बंद करते. घरी आणून मी ते बाबांच्या भिंगाखाली पाहिले. टोक निमुळते राहिलेले नव्हते, ते फुगून गोलसर झाले होते. जिथे ते भोकाच्या कडेवर टेकते तिथे खोल वळ उमटला होता आणि नखाने दाबल्यावर नखाची खूण तशीच राहत होती. त्या वळामुळे भोक पुरते बंद होत नव्हते आणि रात्रभर थेंब थेंब पेट्रोल ओव्हरफ्लोच्या नळीतून जमिनीवर पडत होते. साध्या नायट्राइल रबरावर इथेनॉलचा असा परिणाम होतो, तर व्हिटॉनसारखे फ्लोरोरबर ते बऱ्यापैकी सोसते. एप्रिल 2023 पासूनच्या नव्या गाड्यांत ई-20 ला टिकणारे साहित्य वापरलेले असते; माझी गाडी त्याच्या सोळा वर्षे आधीची आहे.

नाना पेठेतून साठ रुपयांची नवी नीडल आणली आणि पेट्रोलची नळीही बदलून घेतली. काकांनी एअर स्क्रू (हवेचे प्रमाण ठरवणारा स्क्रू) अर्धा फेरा आत घेतला, कारण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि इंजेक्शनच्या गाडीप्रमाणे कार्बोरेटरला ते आपले आपण सावरता येत नाही. ॲव्हरेज 57 वर आले. पण सप्टेंबरात फरशीवर पुन्हा तोच डाग दिसला. साठ रुपयांची नीडल तीन महिन्यांत फुगली होती. त्या दिवशी मला जो संताप आला तो साडेतीन हजारांच्या अंदाजपत्रकानेही आला नव्हता.

इथवरचा मजकूर मी दसऱ्याच्या सुमारास लिहून ठेवला होता आणि त्याचा शेवट ‘जुन्या गाडीला ई-20 म्हणजे विष’ असा केला होता. ते वाक्य मी काढून टाकले आहे. जूनमध्ये वाटी उघडली तेव्हा तिच्या तळाशी तपकिरी गाळाचा थर होता आणि स्लो जेट, म्हणजे पेट्रोलचे एक बारीक छिद्र, बुजला होता. तो दोष मी नव्या पेट्रोलच्या माथी मारला होता. वास्तविक तो टाकीत अठरा वर्षे साचलेला गंज आणि चिकटा होता. इथेनॉल चांगले द्रावक असल्यामुळे तो सुटून खाली आला. सप्टेंबरात गाळ थोडाच निघाला आणि दिवाळीत वाटी उघडली तर पितळ स्वच्छ चमकत होते.

पाण्याच्या बाबतीतही माझा समज अर्धवट होता. ऑगस्टमध्ये गाडी दोन आठवडे उघड्यावर, पाव टाकीवर उभी राहिली आणि नंतर सुरूच होईना. टाकीखालच्या कॉकला, म्हणजे पेट्रोलच्या तोटीला, काचेची बाटली लावून पेट्रोल काढले तर बाटलीत दोन थर स्पष्ट वेगळे दिसले. वर पेट्रोल होते आणि खाली पाण्याने ओढून घेतलेले इथेनॉल. थोडे पाणी इथेनॉलमध्ये विरघळून जळून जाते, मात्र प्रमाण वाढले की दोन्ही मिळून तळाशी बसतात, आणि कॉक तळातूनच ओढतो. हवेतल्या दमटपणाने इतके पाणी येत नाही. टाकीच्या झाकणाचे रबर चिरले होते आणि पाऊस तिथून आत शिरत होता. नवे झाकण बसवले. तेव्हापासून गाडी उभी ठेवायची असेल तर मी टाकी भरून ठेवते आणि रोज रात्री कॉक बंद करते.

डिसेंबरच्या थंडीत सकाळी चोक ओढून मिनिटभर थांबावे लागते, कारण इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते. इथेनॉलमुळे ऑक्टेन (इंधनाची अवेळी न पेटण्याची क्षमता) वाढल्याचा लाभ माझ्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनाला झालेला नाही. कात्रजचा घाट ते पूर्वीसारखाच, तिसऱ्या गिअरमध्ये चढते.

आता पुन्हा त्या नीडलकडे येते. सप्टेंबरात नाना पेठेत मी सहा दुकाने फिरले. टोकाचे रबर कोणते आहे, हे एकाही पाकिटावर छापलेले नव्हते आणि पाच दुकानदारांना तो प्रश्नच नवा होता. सहाव्या दुकानातल्या मावशींनी आतून वेगळी पेटी काढली आणि 180 रुपयांना व्हिटॉनची नीडल दिली. इथेनॉल नसलेले पेट्रोलही पर्याय म्हणून मिळावे, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी फेटाळली, त्यामुळे पंपावर मला निवड नाही, हे मी धरून चालते. उसाच्या शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर महिन्याचे साठ रुपये मी देईन. पण ज्या देशात पेट्रोल बदलले आहे, तिथे त्या पेट्रोलात रात्रंदिवस बुडून राहणाऱ्या रबराचे नाव पाकिटावर छापायला कोणाचीच हरकत असू नये.

180 रुपयांची नीडल बसवून चार महिने झाले. काल कार्बोरेटर उघडून ती भिंगाखाली पाहिली. टोक निमुळते आहे आणि कडेचा वळ केसाएवढा आहे. कॉकमधल्या वॉशरसाठी मात्र असे रबर मला अजून मिळालेले नाही. पुण्यात ते कोणाकडे मिळत असेल तर कृपया दुकानाचा पत्ता कळवावा.