शांत वॉटरप्रूफ जॅकेटच्या नावाखाली झालेली फसवणूक

पावसात दबा धरून बसणाऱ्या माणसाला जॅकेटकडून दोनच गोष्टी हव्या असतात: पाणी आत येऊ नये आणि हात हलवला तर कापड वाजू नये. या दोन्ही गोष्टी एकाच कपड्यात आणणे अवघड असते, स्वस्तात आणणे त्याहून अवघड, आणि नेमक्या याच अडचणीवर काही विक्रेत्यांचा धंदा चालतो. ज्या जॅकेटच्या व्यवहारात माझी फसवणूक झाली, ते शिकाऱ्यांसाठी म्हणून ऑनलाइन विकले जात होते. मी बंदूक नव्हे, कॅमेरा घेऊन बसतो. पण हरणाच्या लेखी या दोहोंत काही फरक नाही. बाही खसखसली की ते मान वर करते आणि पुढच्या क्षणी झाडीत दिसेनासे होते.

या फसवणुकीचा विशेष असा की जाहिरातीत धडधडीत खोटे फारसे नव्हते. प्रत्येक दाव्याला पुरावा जोडलेला होता आणि तो पुरावा बहुतेक वेळा खराही होता. फक्त त्यातून सिद्ध होणारी गोष्ट आणि विकली जाणारी वस्तू यांचा परस्परांशी संबंध नव्हता. म्हणून हा अनुभव थोडा तपशिलात लिहितो आहे.

आधी मुळातली अडचण सांगायला हवी. रेनजॅकेटमध्ये पाणी अडवते ते कापड नव्हे, तर त्यावर दिलेला पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा लेप किंवा त्याला चिकटवलेला अतिशय पातळ पडदा, ज्याला मेंब्रेन म्हणतात. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचे प्लास्टिक तापवून झटक्यात ताणले, तेव्हा त्याला असंख्य सूक्ष्म छिद्रे पडली. त्यांतून पाण्याचा थेंब जात नाही, पण घामाची वाफ जाते. पुढे आलेल्या महागड्या जॅकेटांचा पाया हाच. परंतु लेप असो वा पडदा, त्याच्यामुळे कापड ताठ होते आणि ताठ कापड घडी पडताना व उलगडताना वाजते. थंडीत लेप आणखी कडक होतो, त्यामुळे घरात शांत वाटलेले जॅकेट पहाटे बोलू लागते. आवाज दाबायचा असेल तर बाहेरच्या बाजूला लव काढलेले मऊ, विणीचे कापड लावावे लागते; ते मात्र पाणी पिते, जड होते आणि उशिरा वाळते. म्हणजे शांतता ही कुठेतरी वजनाच्या, कुठेतरी पैशाच्या रूपाने विकत घ्यावी लागते. जो विक्रेता ‘हलके, शांत, संपूर्ण वॉटरप्रूफ, हवा खेळती ठेवणारे आणि स्वस्त’ असे पाचही गुण एका दमात सांगतो, तो या पाचांपैकी कोणत्या गुणावर पाणी सोडले आहे ते लपवत असतो.

जाहिरातीतील पहिला व्हिडिओ पाण्याचा होता. जॅकेटच्या खांद्यावर पेलाभर पाणी ओतले जाते, त्याचे टपोरे मोती होतात आणि कापड कोरडे ठेवून ते घरंगळून जातात. बघणाऱ्याला वाटते, हेच वॉटरप्रूफ. प्रत्यक्षात ही करामत कापडाच्या वरच्या पृष्ठभागावर मारलेल्या जलरोधी फवाऱ्याची असते आणि असा फवारा साध्या सुती शर्टावर मारला तरी त्यावरही पाण्याचे मोती होतात. तो फवारा घासण्याने, मळाने आणि साबणाच्या अंशाने उतरतो. मग बाहेरचे कापड ओले होते, घामाची वाफ बाहेर पडेनाशी होते, आणि त्याखाली पडदा नसेल तर पाणी सरळ आत येते. मोत्यांच्या त्या व्हिडिओतून पडद्याबद्दल एक अक्षरही कळत नाही.

दुसरा पुरावा आकड्याचा होता. टॅगवर ठळक अक्षरांत १०,००० मिमी असे छापलेले होते. हा आकडा पाण्याच्या स्तंभाचा असतो: आयएसओ ८११ या चाचणीत कापडाच्या एका बाजूवर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी पाणी दिसले की तेव्हाचा दाब नोंदवतात. १०,००० मिमी म्हणजे १० मीटर उंच पाण्याचा, म्हणजे साधारण एका वातावरणाचा दाब. पावसाच्या थेंबांचा दाब याच्या आसपासही नसतो. दाब वाढतो तो पाठीवरच्या बॅगेच्या पट्ट्याखाली, टेकलेल्या कोपराखाली आणि ओल्या जमिनीवर बसल्यावर. त्यामुळे तो आकडा खरा असता तर चांगलाच म्हणावा लागला असता. पण चाचणी होते ती कापडाच्या सलग तुकड्याची. जॅकेट शिवताना सुई त्याच कापडाला हजारो भोके पाडते, आणि ती भोके आतून टेप चिकटवून बंद केली नाहीत तर वरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. त्या आकड्याशेजारी कोणत्या चाचणीचे नाव नव्हते, कापडाची की तयार जॅकेटची हेही लिहिलेले नव्हते. शेजारीच हवा खेळती राहण्याचा दुसरा १०,००० होता. तो तर मोजण्याच्या पद्धतीनुसार इतका बदलतो की पद्धतीचे नाव नसेल तर त्याची कशाशी तुलनाच करता येत नाही.

तिसरा पुरावा आवाजाचा, आणि सर्वांत सफाईदार हाच. मायक्रोफोनजवळ आधी एक ‘साधे’ जॅकेट चोळले जाते, ते कर्कश वाजते; मग त्यांचे जॅकेट चोळले जाते, आणि काहीच ऐकू येत नाही. दुसऱ्या दृश्यात हातात जॅकेट नव्हते, नुसता कापडाचा नमुना होता, हे व्हिडिओ थांबवून पाहिल्यावर दिसते. लव काढलेल्या कापडाचा सुटा तुकडा कोणीही चोळला तरी शांतच असणार. शिवाय ऑनलाइन व्हिडिओत आवाज दाबून पाठवताना वरच्या पट्टीतला बराच भाग गळतो, आणि कापडाच्या कुरकुरीत नेमका हाच भाग मोठा असतो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे ऐकू येते. हरीण त्याच्याही पलीकडचे ऐकते. आपल्याला फोनवर जे ऐकू आले नाही, ते त्याला ऐकू जाणार नाही असे मानायला काहीही आधार नाही.

जॅकेट हातात आले तेव्हा बाहेरचे कापड खरोखर मऊ होते, रंग उत्तम होता, हूडला आतून करड्या टेपची पट्टी दिसत होती. हूड आणि खांदे या दोन ठिकाणी टेप, बाकी सर्वत्र उघडी शिवण, अशी रचना असल्याचे काखेतून बाही उलटी केल्यावरच कळले: दोऱ्याची टोके लोंबत होती आणि टेपचा मागमूस नव्हता. खांद्यावरच्या टेपची कडसुद्धा नखाने सहज उचलली गेली. दुकानात किंवा फोटोत गिऱ्हाईक पाहते ते हूडच्या आत, काखेत कोणी पाहत नाही. त्यामुळे टेप कुठे लावायची हे पावसाच्या नव्हे, गिऱ्हाइकाच्या नजरेच्या हिशेबाने ठरवलेले होते. आणि मऊ कापड व अस्तर यांच्यामध्ये एक सुटा, पातळ, पारदर्शक कागद होता, जो कोपर वाकवला की बिस्किटाच्या पुड्यासारखा वाजे. जाहिरातीत ‘तीन थर’ म्हटले होते. थर तीनच होते, हे कबूल केले पाहिजे. पण तीन थरांचे जॅकेट म्हणजे बाहेरचे कापड, पडदा आणि आतले बारीक विणीचे कापड एकमेकांना चिकटवून केलेले एकच वस्त्र, आणि इथे तीन सुट्या वस्तू एकमेकींवर घासत होत्या.

पहिल्याच मोठ्या पावसात दोन्ही बाह्या आणि पोटाचा भाग आतून भिजला. विक्रेत्याला कळवले तेव्हा आलेले उत्तर मात्र कौतुक करण्याजोगे होते: हे पावसाचे पाणी नाही, आपला घाम थंड कापडावर जमून झालेले पाणी आहे, सर्वच वॉटरप्रूफ कपड्यांत असे होते. हे वाक्य पाठ करून ठेवावे, कारण अशा प्रकरणांत ते हमखास येते आणि अर्धे खरे असते. घाम खरोखरच आत जमतो. पण घामाची ओल पाठीवर, छातीवर सर्वत्र पसरलेली आणि एकसारखी असते, तर गळतीची ओल शिवणीच्या रेषेने येते. हा वाद मिटवायचा सोपा उपाय म्हणजे जॅकेटमधून माणूसच काढून टाकणे. मी ते हँगरवर टांगले, बाह्यांत आणि अंगात कोरडे कागद कोंबले, झिप बंद केली, गळा आणि मनगटे बांधली आणि पाइपने वरून पावसासारखे पाणी सोडले. उघडले तेव्हा काखेपासून कोपरापर्यंत कागदावर बोटभर रुंदीची ओली पट्टी उमटली होती, आणि तिच्या कडेला टाक्यांच्या अंतराने बारीक ठिपके होते. हँगरला घाम येत नाही. या सर्वाचे सलग चित्रीकरण केले, आणि पुढे उपयोगी पडले ते तेवढेच.

त्यानंतरचा पत्रव्यवहार ठरलेल्या साच्यातला होता. आधी सांगितले की टॅग काढला असल्यामुळे माल परत घेता येणार नाही. टॅग जागेवर असल्याचा फोटो पाठवल्यावर सांगितले की परत पाठवण्याचा खर्च गिऱ्हाइकाचा, आणि ज्या दूरच्या गोदामाचा पत्ता दिला तिथपर्यंतचे पार्सल जॅकेटपेक्षा महाग पडत होते. मग थोडी रक्कम परत देण्याची तयारी दाखवली, अट एवढीच की पाच ताऱ्यांचा अभिप्राय लिहावा. जाहिरातीखालच्या अभिप्रायांत एकाच धाटणीची वाक्ये इतकी का होती, याचा उलगडा तिथे झाला. मी अट नाकारली आणि कार्डाच्या बँकेकडे ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही’ या कारणाखाली वाद नोंदवला. तक्रारीत ‘जॅकेट खराब आहे’ असे लिहिले नाही. जाहिरातीतले ‘सर्व शिवणींना टेप’ हे वाक्य, त्याचा स्क्रीनशॉट आणि उघड्या शिवणीचा फोटो शेजारी ठेवले. दर्जाबद्दल मतभेद होऊ शकतात, टेप आहे की नाही याबद्दल होत नाहीत. रक्कम परत मिळाली. जाहिरातीचे पान काही दिवसांनी गायब झाले आणि तेच फोटो, तोच पाण्याचा व्हिडिओ घेऊन निराळ्या नावाने पुन्हा आले. नव्या विक्रेत्याला मी काखेचा आतून काढलेला फोटो मागितला, तेव्हा त्याने पाण्याच्या मोत्यांचा व्हिडिओ पाठवला.

स्वस्तात शांत राहण्याचे प्रामाणिक मार्ग आहेत, पण ते एका जॅकेटमध्ये सापडत नाहीत. सर्वांत व्यवहार्य मार्ग म्हणजे पूर्ण टेप केलेले साधे, वाजणारे रेनजॅकेट आत घालणे आणि त्यावर एक माप मोठा फ्लीसचा किंवा लोकरीचा ढगळ अंगरखा चढवणे. वरचा कपडा भिजतो, जड होतो, हे खरे; पण आतल्याचा आवाज तो दाबतो आणि अंग कोरडे राहते. एकाच जागी तासन्तास बसणाऱ्याला तर डोक्यावर बांधलेले छोटे ताडपत्रीचे छत अनेक जॅकेटांपेक्षा बरे. घट्ट विणीचे सुती कापड हाही शांत पर्याय आहे: दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये वैमानिकांसाठी तयार झालेले व्हेंटाइल याच तत्त्वावर चालते, धागे भिजून फुगतात आणि विणीतली छिद्रे मिटवतात, मात्र ते स्वस्त नाही आणि भिजल्यावर ताठ होते. जुने चांगले जॅकेट घ्यायचे असेल तर आतल्या बाजूला फुगे आले आहेत का, लेप चिकट होऊन सुटतो आहे का हे पाहावे. पॉलियुरेथेन वापरले नाही तरी दमट हवेत वर्षांनुवर्षे पडून खराब होते. मनगटावर व्हेलक्रो असेल तर बाकीची शांतता फुकट जाते, हे जाता जाता.

आवाजाची खरी परीक्षा भर पावसात होतही नाही, कारण पानांवरचा पाऊस सगळेच झाकून टाकतो. ती होते पाऊस थांबल्यावर, जनावरे आडोशातून बाहेर येतात आणि जॅकेट अजून अंगावरच असते तेव्हा. म्हणून घरी तपासताना जॅकेट तासभर फ्रीजमध्ये ठेवावे, मग शांत खोलीत अंगात घालून बाही बरगडीवर सावकाश घासावी आणि कॅमेरा उचलण्याची कृती करून पाहावी. ही तपासणी आणि हँगरवरची पाण्याची तपासणी दोन्ही परतीची मुदत संपण्यापूर्वी, टॅग न काढता आणि कपडा न धुता कराव्यात. मुदत बहुधा माल हाती आल्याच्या दिवसापासून मोजली जाते, पहिल्या पावसापासून नव्हे. जाहिरातीचे पान मागवतानाच संपूर्ण जतन करून ठेवावे, कारण वाद नोंदवण्याची वेळ येते तेव्हा ते पान बहुतेक वेळा जागेवर नसते.