दादर कोणाच्या ताब्यात? रस्टमध्ये रेफरन्स, इंडेक्स की रेफसेल

मुंबई लोकलचं वेळापत्रक रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहायला घेतलं की पहिली अडचण दादरलाच येते. स्टेशन एक, पण पश्चिम मार्गावरही आणि मध्य मार्गावरही. दोन्ही मार्गांच्या स्ट्रक्टमध्ये (माहितीच्या गठ्ठ्यात) दादरचा म्यूटेबल रेफरन्स, म्हणजे बदल करू देणारा उसना पत्ता, ठेवायला जा, बॉरो चेकर, म्हणजे कंपायलरमधला ही उसनवारी (बॉरो) तपासणारा भाग, ई०४९९ एरर देतो: म्यूटेबल बॉरो एका वेळी एकच.

नुसती फाइल वाचून ओळी तोडायच्या आणि मोकळं व्हायचं असेल, तर रेफरन्सच घ्या. काही कॉपी होत नाही, वेग छान मिळतो. मात्र एका स्ट्रक्टला लाइफटाइम (रेफरन्स किती काळ वैध, याची खूण) लागला की त्याला पोटात घेणाऱ्या प्रत्येक स्ट्रक्टपर्यंत तो पोचतो. आणि एक सापळा आहे, ज्यात माझी अख्खी दुपार गेली. कंपायलर अडला म्हणून मी मेथडच्या म्यूटेबल सेल्फवर (मेथड ज्या मूल्यावर चालते त्याच्या रेफरन्सवर) स्ट्रक्टचाच लाइफटाइम लावला. मेथड कंपाइल झाली, पहिला कॉलही चालला. दुसरा कॉल लिहिला आणि पुन्हा ई०४९९! पहिल्याच कॉलने ते मूल्य जन्मभरासाठी उसनं घेतलं होतं. २०१८ आवृत्तीपासून बॉरो शेवटच्या वापरापाशी संपतो, पण इथे तशी सही मीच करून दिली होती. सेल्फवरचा तो लाइफटाइम काढला आणि काम झालं.

दादरसाठी मी इंडेक्स घेईन. सगळी स्टेशनं एका व्हेकमध्ये (क्रमवार यादीत), मार्गांकडे फक्त क्रमांक. दादर १२ वर असेल तर दोन्ही मार्गांत १२ लिहा; बदल करायचा त्या क्षणी व्हेक म्यूटेबल घ्या. लाइफटाइम कुठेच लिहावा लागत नाही. धोका एकच: मधलं स्टेशन काढलं की १२ वर भलतंच स्टेशन येतं आणि कंपायलर गप्प बसतो. स्टेशनं काढावी लागणार असतील तर स्लॉटमॅप ही क्रेट (तयार लायब्ररी) वापरा. तिच्या ‘की’मध्ये (नोंदीच्या किल्लीत) पिढीचा आकडाही असतो, त्यामुळे जुनी की नव्या नोंदीला लागत नाही.

आरसी (एका मूल्याला अनेक मालक देणारा प्रकार) आणि रेफसेलची जोडी सुरुवातीला फार सोयीची वाटते. पण नियम तोच राहतो, फक्त तपासणी प्रोग्राम चालताना होते. दादरचा एक म्यूटेबल बॉरो हातात असताना दुसरा मागितला की थेट पॅनिक, म्हणजे प्रोग्राम कोसळतो. थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) आले की ही जोडी चालतच नाही, आर्क आणि म्यूटेक्स ही थ्रेडसाठीची, लॉक वापरणारी जोडी लागते. तिथे तर हातातलं लॉक न सोडता त्याच थ्रेडने ते पुन्हा मागितलं, की प्रोग्राम कायमचा अडकूनही बसू शकतो.